क्रेनवाल्याचा जीव आणि क्रेनवाल्याचं बिल

महामार्गावर बंद पडलेल्या गाड्या ओढणाऱ्या क्रेनवाल्यांना कायद्याचं संरक्षण हवं, असं कुणी म्हटलं की आपल्याकडे चर्चा दोन मिनिटांत बिलावर घसरते. ‘अडलेल्याला गाठून हे लोक वाट्टेल तेवढे पैसे मागतात’ असं एक जण म्हणतो. दुसऱ्याला शहरात नो-पार्किंगमधून उचलून नेलेली स्वतःची मोटारसायकल आठवते. तिसरा म्हणतो की त्यांचा धंदा आहे, धोका त्यांनीच पत्करलाय. बाजू घेणारेही काही बरे नाहीत. ते क्रेनवाल्याला एकदम देवदूत करून टाकतात आणि मग समोरच्याला त्याचे दहा वाईट अनुभव सांगायला मोकळीक मिळते. या सगळ्यात ज्याच्यावरून विषय निघाला तो माणूस, रात्री दोन वाजता पारोळ्याच्या अलीकडे पांढऱ्या पट्टीवर गुडघे टेकून हुक अडकवणारा, बाजूलाच राहतो.

क्रेनवाल्याचं बिल हा दरपत्रकाचा प्रश्न आहे आणि त्याचा जीव हा मागून येणाऱ्याच्या वेगाचा. पहिल्याचं उत्तर मिळेपर्यंत दुसरा अडवून धरायचं काहीच कारण नाही. रस्त्याकडेला धोक्याचे दिवे लावून उभ्या असलेल्या वाहनापाशी माणसं काम करत असतील, तर मागून येणाऱ्या चालकाने एक लेन सोडून जावं, आणि लेन सोडायला जागा नसेल तर ठरवून दिलेल्या वेगापर्यंत खाली यावं, असा स्पष्ट नियम आपल्याकडे हवा. त्यात पोलीस आणि रुग्णवाहिका हव्यातच. पण क्रेन, मेकॅनिक, पंक्चरवाला, रस्त्याचा मजूर आणि स्वतःच्या गाडीचं चाक बदलणारा माणूसही त्यात नाव घेऊन हवा.

ही मागणी खान्देशातून व्हावी, याला कारण आहे. मुंबई–आग्रा, सुरत–नागपूर आणि सोलापूर–धुळे हे तिन्ही रस्ते धुळ्यात येऊन मिळतात. उत्तरेला शिरपूर ओलांडलं की बिजासनचा उतार, पश्चिमेला साक्रीपुढे कोंडाईबारी, दक्षिणेला चाळीसगावच्या डोक्यावर कन्नडचा घाट. रावेर-यावलची केळी नासायच्या आत उत्तर भारतात पोचवायची म्हणून रात्रभर धावणारे ट्रक, हंगामात दोन्ही बाजूंनी फुगलेल्या कापसाच्या गाड्या, आणि मे महिन्यात भुसावळ-जळगावच्या डांबरावर फुटणारे टायर. इथे गाडी बंद पडणं हे रोजचं आहे. म्हणजे रस्त्यावर वाकून काम करणारी माणसंही रोजची आहेत.

ते काम जवळून पाहिलेले फार थोडे. बंद पडलेला माल भरलेला ट्रक दोर बांधून ओढत नेता येत नाही. ट्रकचे ब्रेक हवेच्या दाबावर चालतात; इंजिन बंद झालं आणि ती हवा उतरली की मागचे ब्रेक जाम होतात. ते सोडवायला दुसऱ्या गाडीतून हवा द्यावी लागते, नाहीतर ब्रेक चेंबरचा बोल्ट हाताने फिरवून ते मोकळे करावे लागतात. गिअरबॉक्सचं नुकसान होऊ नये म्हणून जॉइंट खोलून शाफ्ट उतरवावा लागतो. ही दोन्ही कामं गाडीखाली आडवं पडून करायची असतात. जुन्या ट्रकच्या चेसिसवर बांधलेल्या क्रेनचे खटके बऱ्याचदा बाजूला असतात. ती बाजू वाहतुकीकडे आली की खटके ओढणाऱ्याची पाठ येणाऱ्या गाड्यांकडे. साईडपट्टी पावसाने खचलेली, त्यामुळे ट्रकची उजवी चाकं डांबरावरच राहिलेली. मागे चार दगड आणि बाभळीची एक फांदी, एवढाच बंदोबस्त. हे काम अर्धा तास चालतं, कधी दीड तास, आणि तेवढा वेळ गाडीखालून कुणाचे तरी पाय बाहेर आलेले असतात. एरंडोलच्या बाजूला काम करणारा एक क्रेनवाला एकदा मला म्हणाला, ‘गाडीखाले वाकेल माणूस कोनले दखास भाऊ?’ म्हणजे, गाडीखाली वाकलेला माणूस कुणाला दिसतो?

त्याच्या प्रश्नाचा हिशेब करता येतो. ताशी ८० किलोमीटर वेगाने जाणारी गाडी सेकंदाला २२ मीटर पुढे जाते. समोर काहीतरी आहे हे कळून पाय ब्रेकवर जायला दीड-दोन सेकंद लागतात, म्हणजे ब्रेक दाबण्याआधीच तीस-चाळीस मीटर संपलेले. माल भरलेल्या ट्रकला थांबायला त्यापुढे आणखी बरंच अंतर लागतं. चौपदरी महामार्गावर मोटारींना १०० ची मर्यादा आहे. दहा पावलांवर ठेवलेला त्रिकोण या वेगाला अर्ध्या सेकंदाचीही सूचना देत नाही. म्हणून क्रेनवाल्याने काळजी घ्यावी हे म्हणणं खरं असलं तरी अपुरं आहे. त्याने कितीही काळजी घेतली तरी त्याचा जीव शेवटी मागून येणाऱ्याच्या हातात असतो, आणि त्या मागून येणाऱ्यावर आज नेमकं असं कोणतंही बंधन नाही.

बंधन नाही, असं मी म्हणतो ते कलमं डोळ्यांसमोर ठेवूनच. मोटार वाहन कायदा १९८८ चा. त्याचं कलम १२२ धोकादायक ठिकाणी गाडी उभी करायला मनाई करतं, १२७ सोडून दिलेली गाडी हटवण्याचा अधिकार देतं, १८४ धोकादायक चालवण्याला शिक्षा सांगतं. यातली बहुतेक बंधनं उभ्या गाडीच्या मालकावर आहेत. २०१९ च्या दुरुस्तीत कलम १९४-ई आलं. अग्निशमन गाडीला, रुग्णवाहिकेला किंवा राज्य सरकारने ठरवलेल्या अन्य आपत्कालीन वाहनाला वाट न दिल्यास दहा हजार रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही. चांगलं कलम आहे. पण ते मागून सायरन वाजवत येणाऱ्या गाडीला बाजू देण्याबद्दल आहे. तीच रुग्णवाहिका अपघातस्थळी उभी राहिली आणि तिचे कर्मचारी रस्त्यावर उतरले, की त्यांच्या शेजारून शंभरच्या वेगाने जाणाऱ्याला हे कलम काही विचारत नाही. ५ ऑक्टोबर २०२२ च्या पहाटे मुंबईत वांद्रे–वरळी सी-लिंकवर आधी झालेल्या अपघातातल्या जखमींना मदत चालू होती, रुग्णवाहिका उभी होती, आणि मागून आलेली भरधाव मोटार त्या सगळ्यांत घुसली. पाच माणसं गेली. त्यांत सी-लिंकवरचे कर्मचारी होते. पुढच्याच वर्षी २० जुलैला अहमदाबादच्या इस्कॉन पुलावर तेच झालं. एका अपघाताभोवती जमलेल्या माणसांवर मोटार आली आणि नऊ जण गेले, त्यांत कामावर असलेला पोलीसही होता. पहिल्या अपघातावर धावून आलेली माणसं दुसऱ्यात मरतात, हा प्रकार आपल्या कायद्याने अजून वेगळा ओळखलेलाच नाही.

अमेरिकेत तो ओळखला गेला तोही एका माणसामुळे. १९९४ मध्ये दक्षिण कॅरोलायना राज्यात अपघातस्थळी काम करणाऱ्या एका रुग्णवाहिका कर्मचाऱ्याला मागून आलेल्या गाडीने उडवलं, आणि चौकशीत दोष त्याच्याच माथी आला. त्याने पाठपुरावा केला, १९९६ मध्ये त्या राज्याने लेन सोडण्याचा किंवा वेग उतरवण्याचा कायदा केला, आणि २०१२ मध्ये हवाईने केल्यावर पन्नासही राज्यांत तो झाला. सुरुवातीला त्यात पोलीस, अग्निशमन आणि रुग्णवाहिका एवढेच होते. क्रेनवाल्यांना बऱ्याच ठिकाणी नंतर, भांडून, जागा मिळाली. कॅनडातल्या ऑन्टारिओने त्यांना २०१५ मध्ये घेतलं. फ्लोरिडाने २०२४ च्या १ जानेवारीपासून धोक्याचे दिवे लावून उभ्या असलेल्या कुठल्याही बंद गाडीपर्यंत हे संरक्षण नेलं. लेन सोडता येत नसेल तर तिथे मर्यादेपेक्षा ताशी २० मैल, म्हणजे साधारण ३२ किलोमीटर, खाली यावं लागतं.

इथे विरोधकाचा सगळ्यात जोरदार मुद्दा येतो, आणि तो टाळून पुढे जाता येणार नाही. त्याच अमेरिकेत ट्रिपल ए या वाहनचालकांच्या संघटनेच्या संशोधन संस्थेने मोजणी केली, तेव्हा २०१५ ते २०२१ या काळात रस्त्यावर मदतीचं काम करणारे १२३ जण गाड्यांखाली गेल्याचं दिसलं. पन्नासही राज्यांत कायदा असताना. मग कायद्याने काय साधलं? मी उलट विचारतो, ही मोजणी झाली कशामुळे? सरकारी आकड्यांत या मृत्यूंपैकी जेमतेम चौथा हिस्साच दिसत होता. कायदा होता, म्हणून त्याचं पालन होतं का हे कुणाला तरी तपासावंसं वाटलं. आपल्याकडे २०२२ या एका वर्षात रस्त्यांवर १ लाख ६८ हजार ४९१ माणसं गेली. त्यांत ट्रकखाली शाफ्ट उतरवणारे किती, हुक लावणारे किती? सरकारी अहवालात मृतांची वर्गवारी पादचारी, दुचाकीस्वार, मोटारीतले, ट्रकमधले अशी होते. क्रेनचा हेल्पर फार तर पादचारी म्हणून मोजला जातो. तो रस्ता ओलांडत नव्हता, नोकरी करत होता, हे कुठेच लिहिलं जात नाही.

दुसरा आक्षेप रस्त्याचा. लेन सोडायला लेन तर हवी! फागणे ते तरसोद या टप्प्यात चौपदरीकरण किती वर्षं रखडलं ते जळगाव-धुळ्याच्या माणसाला सांगायला नको. राज्यमार्ग तर बहुतेक दुपदरीच आहेत. समोरून ट्रक येत असताना उजवीकडे सरकणं म्हणजे एक अपघात टाळताना दुसरा करणं. हे मला पूर्ण मान्य आहे, आणि म्हणूनच दुपदरी रस्त्यावर नियम वेग उतरवण्याचाच असावा, सरकण्याचा नसावा. वेग उतरवायला रस्ता रुंद असावा लागत नाही. शिवाय अरुंद रस्त्याचं कारण पुढे करणारे एक विसरतात, रस्ता जितका अरुंद तितका काम करणारा माणूस चाकांच्या जवळ. ज्या रस्त्यावर नियम पाळणं अवघड, तिथेच त्याची गरज जास्त.

तिसरा आक्षेप असा की पुढचा अचानक हळू झाला तर मागचा त्याच्यावर आदळेल. यात तथ्य आहे, आणि याचं उत्तर आपल्या भुसावळात रोज वापरात आहे. रुळावर काम निघालं की रेल्वेत आधी बंदोबस्त आणि मग काम. लोको पायलटला आधीच्या स्थानकावर सावधानतेचा लेखी आदेश मिळतो, कामाआधी ठरल्या अंतरावर बावटे लागतात, आणि अचानक अडथळा आला तर ब्रॉडगेजवर ६०० मीटरवर एक आणि १२०० मीटरवर दहा-दहा मीटर अंतराने तीन फटाके रुळावर लावायचा नियम आहे. चाकाखाली ते फुटले की चालक समजून घेतो. एवढं असूनही ट्रॅकमन मरतात, हे भुसावळ विभागातली घरं जाणतात. पण रेल्वेत ‘रुळावर उभा होता, त्याचीच चूक’ म्हणून विषय संपत नाही. चौकशी होते, कुणी कोणता बावटा लावला नव्हता हे विचारलं जातं. बंदोबस्त नसताना थांबलेल्या गाडीशेजारी उभं राहणं किती महाग पडतं, हे २२ जानेवारी २०२५ ला पाचोऱ्याजवळ परधाडे इथे सगळ्यांनी पाहिलं. पुष्पक एक्स्प्रेसमधून घाबरून उतरलेल्या प्रवाशांवर शेजारच्या मार्गावरून कर्नाटक एक्स्प्रेस गेली आणि किमान बारा जण दगावले. रस्त्यावर हीच परिस्थिती रोज असते, बंद गाडी, शेजारी माणसं आणि लगतच्या मार्गावर पूर्ण वेग. रेल्वेने जे बाराशे मीटरवरून सांगायला सुरुवात केली, ते रस्त्यावर निदान दोनशे मीटरवरून सांगता येणार नाही का? लुकलुकता दिवा, चकाकते कोन आणि हातात बॅटन घेतलेला एक माणूस एवढ्यात ते होतं. पुढच्याला आधी कळलं की तो अचानक ब्रेक मारत नाही, हळूहळू उतरतो, आणि मागच्यालाही वेळ मिळतो.

‘पाळणार कोण?’ हा चौथा आक्षेप, आणि त्याच्या पोटात ‘पोलिसांना खायला आणखी एक कलम’ हा पाचवा. हायवेवर रात्री पोलीस नसतो, हे खरं आहे. तो असतो तिथे कधीकधी कशासाठी असतो, हेही लोकांना माहीत आहे. पण कायदा फक्त दंडाच्या पावतीपुरता असतो, हा समजच चुकीचा आहे. अशा नियमाचा खरा उपयोग अपघातानंतर, मोटार अपघात न्यायाधिकरणात होतो. क्रेनचा हेल्पर मेला की त्याची बायको किंवा म्हातारी आई दावा लावते, आणि विमा कंपनीचा वकील पहिला मुद्दा काढतो की माणूस डांबरावर उभा होता, म्हणजे निष्काळजीपणात त्याचाही वाटा. तो मुद्दा टिकला की भरपाईतून त्याच्या वाट्याचा हिस्सा कापला जातो. मागून येणाऱ्याने हळू व्हायलाच हवं होतं असं नियमात लिहिलेलं असेल, तर ओझं दुसऱ्या पारड्यात जातं. बरेच हेल्पर हे क्रेनमालकाचे भाचे, पुतणे नाहीतर गावातली पोरं असतात. हजेरीपुस्तक नाही, नेमणुकीचा कागद नाही. धडक देणारी गाडी पळून गेली आणि सापडली नाही, तर एप्रिल २०२२ पासून लागू योजनेत मृत्यूला मिळतात दोन लाख. त्या घरासाठी नियमातलं एक वाक्य किती मोलाचं आहे, हे दंडाच्या पावत्या मोजून कळणार नाही.

आणि नियमाने माणसं बदलत नाहीत, हेही खरं नाही. अपघातातल्या जखमीला उचललं तर पोलीस आपल्यालाच बसवून ठेवतील, या भीतीने आपण किती वर्षं गाड्या पुढे काढल्या? सर्वोच्च न्यायालयाने २०१६ मध्ये मदत करणाऱ्यांच्या संरक्षणाच्या सूचना बंधनकारक केल्या, २०१९ मध्ये तेच संरक्षण मोटार वाहन कायद्यात कलम १३४-ए म्हणून आलं. भीती एका दिवसात गेली नाही, पण ‘काही होत नाही, उचला’ असं म्हणणारा गर्दीत निघू लागला. त्याला पाठीशी उभं राहायला काहीतरी मिळालं.

ट्रकचालकांची हरकत मला सगळ्यात जास्त ऐकून घ्यावीशी वाटते. जानेवारी २०२४ च्या पहिल्या दिवसांत ते नव्या न्याय संहितेतल्या, अपघात करून पळून जाणाऱ्या चालकाला कडक शिक्षा सांगणाऱ्या कलम १०६(२) विरुद्ध रस्त्यावर उतरले होते. प्रत्येक नवा वाहतूक कायदा शेवटी ड्रायव्हरच्याच डोक्यावर बसतो, ही त्यांची भावना पोकळ नाही. पण बंद पडलेल्या ट्रकखाली पहिला कोण शिरतो? क्रेन यायच्या आधी दगड कोण लावतं, फांदी कोण तोडून आणतं, बोनट उघडून टॉर्च कोण धरतं? ड्रायव्हर आणि क्लीनर. या नियमाचा पहिला लाभ त्यांना आहे. तो त्यांच्याविरुद्ध आहे असं त्यांना वाटत असेल, तर तो त्यांना कुणी नीट समजावून सांगितलेला नाही, एवढाच त्याचा अर्थ.

या नियमाने सगळं थांबणार नाही, हेही सांगितलं पाहिजे. ४ जुलै २०२३ ला पळासनेरला ब्रेक गेलेला कंटेनर उतारावरून येऊन गाड्यांना धडकत हॉटेलात घुसला आणि किमान दहा माणसं गेली. त्या कंटेनरला कोणताही नियम हळू करू शकला नसता. तिथे गाडीची तपासणी आणि उताराची दुरुस्ती हेच उपाय आहेत. दोन्हीसाठी भांडायचं असेल तर मी बरोबर आहे. फक्त एकाचं नाव घेऊन दुसरं अडवू नका.

आता बिलाकडे येतो, कारण तो राग खोटा नाही. रात्री बायको-मुलांसह अडकलेल्या माणसाकडून मनमानी पैसे घेणं ही लूट आहे आणि तिला लूटच म्हटलं पाहिजे. क्रेनवाल्यांतले अनेक जण धोक्याचे दिवे लावत नाहीत, उलट्या बाजूने क्रेन घालतात, काम झालं की दगड रस्त्यावरच सोडून जातात, आणि त्या दगडावर पुढचा मोटारसायकलवाला जातो. म्हणून संरक्षण सरसकट नको, अटींसह हवं. छतावर पिवळा फिरता दिवा, अंगात चकाकतं जाकीट, मागे ठरल्या अंतरावर कोन, आणि परिवहन कार्यालयात नोंद झालेली क्रेन. जो हे करेल त्याच्या बाजूने कायदा, जो करणार नाही त्याच्यावर कारवाई. त्याच नोंदणीत प्रति किलोमीटर दर आणि पावतीची सक्ती घालता येते. नोंदच नसलेल्या माणसाला दर कोण लावणार? ज्यांना बिलाचा राग आहे त्यांनी खरं तर ही नोंदणी सगळ्यात आधी मागायला हवी.

हे व्हायला संसदेत नवा कायदाच यावा लागतो असंही नाही. वाहन कसं चालवायचं याचे विनियम केंद्र सरकार कलम ११८ खाली अधिसूचनेने करतं. सध्याचे २०१७ चे आहेत, आणि ते मोडल्यास कलम १७७-ए नुसार पाचशे ते हजार रुपये दंड आहे. लेन सोडा किंवा वेग उतरवा, हे वाक्य त्याच विनियमांत बसतं. कलम १९४-ई मधली ‘अन्य आपत्कालीन वाहनं’ ठरवण्याचा अधिकार तर राज्याकडेच आहे. अपघातस्थळी निघालेली नोंदणीकृत क्रेन त्या यादीत घालायला मंत्रालयातली एक अधिसूचना पुरते. आणि जिल्ह्यात रस्ता सुरक्षा समित्या आहेतच. त्यांनी बिजासन, कोंडाईबारी आणि कन्नड घाटाच्या पायथ्याशी काम करणाऱ्या क्रेनवाल्यांची यादी करावी, त्यांना कोन आणि जाकिटं द्यावीत, आणि क्रेन कामाला लागली की महामार्ग पोलिसांची गाडी वाहतूक येते त्या बाजूला, पुरेशा अंतरावर, दिवे लावून उभी राहील अशी व्यवस्था लावावी. राष्ट्रीय महामार्गांच्या १०३३ या मदत क्रमांकावर फोन आला की क्रेनला कळतं. त्याच वेळी पोलिसांच्या गाडीलाही कळवायला नवी यंत्रणा लागत नाही.